सातव्या खड्ड्यातली पेरणी

ठमीचं मावशीला
४ जानेवारी

मावशी,

वाकून नमस्कार केलाय असं समज. दिवसभर वाकलेलीच असते इथं, त्यातला एक तुझ्या नावावर टाक.

सुखरूप पोचले. उत्खनन म्हणजे काय ते आता कुठं कळतंय. कॉलेजात वाटायचं, कुदळ मारली की खालून राजवाडा निघतो. इथं थापीनं नखभर माती खरवडायची, ब्रशनं झाडायची, बादलीत भरायची, चाळणीत चाळायची, आणि एवढं करून हातात काय येतं, तर मडक्याचं खापर. मग ते धुवायचं. घरी कपबशी विसळत नाही म्हणून माझ्या नावानं खडे फोडायचीस ना? ये आणि बघ, तुझी भाची हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची खरकटी घासतेय.

तंबूत आम्ही चौघी आहोत. फोन अख्ख्या छावणीत एकच, तोही मॅडमच्या टेबलावर, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. म्हणून पत्र. सामानाची गाडी एक दिवसाआड येते, तीच टपाल नेते-आणते.

मॅडम म्हणजे इथल्या प्रमुख. त्यांचा कायदा एकच: वस्तू दिसली की दोन्ही हात पाठीमागे. उचलायची नाही, हलवायची नाही, मोठ्यानं हाक मारायची आणि त्या येईपर्यंत खांबासारखं उभं राहायचं. जागेवरून उचललेली वस्तू मुकी होते म्हणतात. कुठल्या थरातली, कुणाच्या काळातली, काहीच सांगू शकत नाही. गेल्या वर्षी एकानं नुसता मणी उचलून तळहातावर घेतला, तर संध्याकाळच्या गाडीनं त्याची पाठवणी झाली. आणि हे ऐक, शेवटी आम्हा पोरांतल्या दोघांना त्या कायमच्या पथकात घेणार आहेत. मला त्या दोघांत यायचंय, मावशी. आजवर तुझ्याकडे इतका हट्ट कशासाठीच केला नसेन.

विद्यार्थी सोडून काही हौशी मंडळीही आली आहेत. बँकेतली एक बाई, एक दाताचा डॉक्टर, आणि माझ्या नशिबी, म्हणजे सातव्या खड्ड्यात, एक म्हातारा. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवला म्हणे. चाळणीत साधा गंजका खिळा आला तरी बोटांत फिरवून फिरवून बघतो, म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलंय भंगारकाका. त्याला वाटतं लाडानं म्हणतो.

सारखा माझ्याकडे बघत असतो. काल विचारतो, "तुला थंडी सोसते का गं?" मी म्हटलं, "न सोसायला काय झालं काका, बर्फाच्या कारखान्यातच जन्म झालाय माझा." सगळे खो खो हसले. तोही हसला, पण जरा उशिरा.

स्वेटर उबदार आहे. पाठ मोडली आहे. बाकी मजेत.

तुझी ठमी

ठमीच्या वडिलांचं मावशीला
५ जानेवारी

ताई,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकलं नसेल तर एवढं वाचा.

मी उत्खननावर आलोय. ठमी आहे तिथंच. पेपरात आलं होतं, हौशी माणसं चालतील, वयाची अट नाही. निवड झालेल्या मुलांची नावं तिथंच छापली होती. त्यात तिचं वाचलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या नावानं अर्ज टाकला. एकाच खड्ड्यात कामाला लावलंय आम्हाला. ते मात्र मी मागितलेलं नव्हतं.

मी तिला काही बोललेलो नाही. तुम्ही तिला सांगून ठेवलंय की बाप मशीनवर अपघातात गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेल्यासारखाच वागलो मी. ताई, तुमची तार मला मिळाली होती. आज खोटं बोलून काय करू? तार खिशात घेऊन स्टेशनवर जाऊन बसलो आणि गाडी समोरून जाऊ दिली. ठमीची आई अंथरुणाला खिळलेली, तिला तशा अवस्थेत बघायची हिंमत झाली नाही. नंतर कळलं, ती गेली. दारू सुटली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते स्टेशन काही सुटत नाही.

ठमीचे कान अगदी तिच्या आईसारखे आहेत. हसताना मानही तशीच वाकडी करते. मुलं मला भंगारकाका म्हणतात. मला चालतं. तिच्या तोंडून 'काका' ऐकायला मिळतं, तेवढं खूप आहे.

तुमच्या परवानगीशिवाय तोंड उघडणार नाही, हा शब्द देतो. तिला वाढवलंत तुम्ही, हक्क तुमचा. फक्त एकदा हो म्हणा. मला तिच्याकडून काही नको, तिनं मला बाप म्हणावं असंही नाही. मी कोण ते तिला कळावं, एवढंच.

खाली 'आपला' लिहून पुढं काय लिहायचं ते सुचत नाही. तसाच थांबतो.

मावशीचं ठमीच्या वडिलांना
९ जानेवारी

पत्र मिळालं.

वरातीमागून घोडं ऐकलं होतं. हे घोडं तर वर विचारतंय, माझं पान कुठं मांडलंय?

माझी धाकटी शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पडून होती. कूस बदलू देत नव्हती. मी वॉर्डाची मेट्रन, एका कुशीवर पडून जखमा होतात हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. ओरडायची मी तिला. ती म्हणायची, "ताई, ते आले की वळते." नाही वळली. जखमा घेऊनच गेली. त्या मी धुतल्या आहेत, माझ्या हातांनी. तुम्ही त्या वेळी स्टेशनवर बसला होतात हे आज कळलं. बरं झालं सांगितलंत.

तरीही माणूस आहे मी. पोरीचा बाप जिवंत आहे हे तिला कधीतरी कळायचंच. पण आत्ता नाही. तिची निवड व्हायची आहे, तिचं सगळं चित्त त्यात गुंतलंय, मध्येच हे कानावर पडलं तर कोलमडेल. छावणीच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः तिथं येईन, तुम्हा दोघांना समोरासमोर बसवीन आणि माझ्या तोंडानं सांगीन. तोवर एक अक्षर बोललात तर माझं वचन संपलं. गप्प बसणं तुम्हाला जमतंच. आजवर तेच केलंत.

मावशीचं ठमीला
९ जानेवारी

ठमाबाई,

आशीर्वाद आहेतच, ते काय टपालानं पाठवायचे? कोपऱ्यावरच्या दुकानातून लोकर आणलीये, दुसरा स्वेटर सुरू केलाय. तू नाहीस तर घर खायला उठतं. स्वयंपाक एकटीचा करायचा म्हणजे हात चालत नाही बघ.

त्या म्हाताऱ्याचं वाचलं. ते हसण्यावारी नेऊ नकोस. मी उभा जन्म वॉर्डात काढलाय, पुरुषाची नजर मला खाटेखालून ओळखू येते. पोरीबाळींच्या आसपास घुटमळणारे हे म्हातारे फार साळसूद असतात. आधी थंडी विचारतात, मग घरी कोण कोण विचारतात, मग "मला मुलगी असती तर तुझ्याएवढी असती" म्हणतात. हे वाक्य त्यानं अजून म्हटलं नसेल तर म्हणेल, लिहून ठेव. या वयात घरदार सोडून माती उकरायला येतो, म्हणजे घरच्यांनी ओवाळून टाकलेला असणार. अशा माणसानं आधी कुणाचं तरी वाटोळं केलेलं असतं.

फटकून राहा. पोरं त्याची खेचतात ना? खेचू देत. तूही खेच.

मावशी

ठमीचं मावशीला
१५ जानेवारी

मावशी,

तू ज्योतिषी कधीपासून झालीस? परवा खरंच म्हणाला ते वाक्य! बादली देता देता म्हणाला, "मला मुलगी आहे तुझ्याएवढी." फक्त 'असती' ऐवजी 'आहे' म्हणाला. मी विचारलं, कुठं असते? तर म्हणे, "असते मजेत," आणि खाली वाकून खरवडायला लागला. मी पोरांना सांगितलं. आता सगळे त्याच्यापाशी जाऊन म्हणतात, "काका, मला बाप आहे तुमच्याएवढा!" तो कसंनुसं हसतो आणि चाळण हलवत बसतो.

पण मावशी, खरं सांगू? काल जरा वेगळंच झालं. खड्ड्याच्या कडेची भिंत अगदी ओळंब्यात कापलेली असते, तिच्यात सगळे थर दिसतात. मॅडम तिला जिवापलीकडे जपतात. काल पाणी प्यायला वर चढताना माझा पाय नेमका तिच्यावर पडला आणि हातभर कड धाडकन खाली आली. माझं तर पाणीच झालं. निवड बिवड सगळं बोंबललं म्हटलं. मॅडम धावत आल्या, आणि हा म्हातारा शांतपणे म्हणतो, "मी पडलो. तोल गेला माझा." मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर असं झाडलं! "मोजमाप कळत नसेल तर घरी बसून नातवंडं खेळवा" म्हणाल्या. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या गेल्यावर मला म्हणाला, "पाय मुरगळला नाही ना?"

त्याला काय पडलं होतं गं? मला काही सुधरेना. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

आता अडचण ऐक. इथं पोरांची एक रीत आहे, तिला 'पेरणी' म्हणतात. शेवटच्या आठवड्यात नवख्या माणसाच्या खड्ड्यात एखादी खोटी वस्तू पुरून ठेवायची. त्याला ती सापडते, तो हात पाठीमागे घेऊन "वस्तू! वस्तू!" ओरडतो, मग पोरं जमतात, मॅडम पोचायच्या आत ती उचलतात आणि जन्मभर पुरेल एवढं हसतात. मॅडमना कळलं तर पेरणाऱ्याला त्याच दिवशी हाकलतील. म्हणून तर मजा. भंगारकाकाची पेरणी माझ्यावर आली आहे, खड्डा माझा ना. नाही केली तर माझी होणार, हे स्वच्छ सांगितलंय. पण कालपासून मन होत नाहीये. काय करू?

ठमी

ठमीच्या वडिलांचं मावशीला
१७ जानेवारी

ताई,

गप्प आहे. शब्द पाळतोय.

काल ठमीनं मला स्वतःहून चहा आणून दिला. म्हणाली, "घ्या काका, साखर जास्त टाकलीये, त्या दिवशीची." पेला रिकामा झाला तरी मी किती वेळ धरून बसलो होतो. शेवटच्या दिवसासाठी पांढरा शर्ट धुवून गादीखाली ठेवलाय, घडी चांगली बसेल. तुम्ही याल तेव्हा मी आधी तुमच्या पाया पडेन, मग तिच्याकडे बघेन. तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

मावशीचं ठमीला
१९ जानेवारी

ठमे,

भोळी ती भोळीच राहिलीस. अगं, फुकट उपकार कोण करतं? तुझ्यासाठी बोलणी खाल्ली म्हणजे तुला बांधून घेतलं. आता तू चहा देशील, मग शेजारी बसशील, मग तो खांद्यावर हात टाकेल आणि तुला 'नको' म्हणता येणार नाही. तुझ्या आईचं असंच झालं होतं. एका माणसाची तिला दया आली आणि त्या दयेनंच ती संपली. माझ्या डोळ्यांदेखत संपली. मला पुन्हा तेच बघायचं नाही.

पेरणी कर. तूच कर, तुझ्या हातानं. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

खापर-बिपर पुरू नकोस, आता त्याला ते ओळखू येत असेल. सोबत कापसात गुंडाळून एक पितळी अंगठी पाठवतेय. भंगारवाल्याच्या टोपलीत चार चमच्यांबरोबर मिळाली. घासूनपुसून लख्ख करू नकोस, हिरवट आहे तेच बरं. तो जिथं खरवडतो तिथंच बोटभर माती सारून ठेव. लेथवाला आहे ना? पितळ दिसलं की जीव टाकेल.

आणि सापडल्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते मला सविस्तर लिही. काही गाळू नकोस. तेवढीच मला इथं करमणूक.

मावशी

ठमीचं मावशीला
२५ जानेवारी

मावशी,

सविस्तर लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. करमणूक होईल की नाही ते तू ठरव.

परवा सकाळी सगळे चहाला गेले तेव्हा मी अंगठी पुरली. पोरांना खूण केली. सगळे आपापल्या खड्ड्यातून मान वर काढून बघत होते. काका येऊन बसला, खरवडायला लागला, आणि थोड्या वेळात थांबला. आम्ही वाट बघतोय, आता ओरडेल, आता ओरडेल. ओरडला नाही. ब्रश खाली ठेवला. दोन बोटांनी अंगठी उचलली, मावशी, सरळ उचलली! अंगठ्यानं माती पुसली आणि कडेवरून बोट फिरवलं. मग मुठीत धरून मूठ छातीशी नेली. मला वाटलं, याला काहीतरी होतंय. मूठ दोनदा खिशाबाहेरच आपटली, मग आत गेली.

आणि मॅडम वरच उभ्या होत्या.

"खिशात काय घातलंत?" म्हणाल्या. "बाहेर काढा." काढली. सगळी छावणी गोळा झाली तोवर. मॅडमनी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "ही आजकालची आहे, लेथवर केलेली. कुणीतरी पेरली आहे. ते मी नंतर बघते. पण तुम्ही ती जुनी समजून चोरलीत की नाही?"

तेव्हा तो म्हणाला, "चोरली नाही. माझी आहे."

अगं, असं हसले सगळे! दाताचा डॉक्टर तर खाली बसला. आणि पहिली मीच हसले, कारण हसले नसते तर कुणालाही कळलं असतं. मॅडम म्हणाल्या, "तुमची आहे तर मातीच्या थरात कशी आली? बोला." त्यानं माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे. त्याला कळलं होतं की मीच पुरली, दुसरं कोण पुरणार? मी तोंड फिरवलं. परत बघितलं तर तो मॅडमना म्हणत होता, "चूक झाली."

त्यांनी त्याची पिशवी उपडी केली, गादीही उलटली. एक सदरा, गादीखाली घडी घालून ठेवलेला पांढरा शर्ट, दाढीचं सामान. आणखी काही चोरलंय का म्हणून सगळं मातीत झटकलं. "ती अंगठी तेवढी द्या," म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "चोरी करून वर बक्षीस?" आणि ती उकरलेल्या मातीच्या ढिगावर भिरकावून दिली. तो ढिगाकडे जायला निघाला तर दोघा पोरांनी दंडाला धरलं. सामानाच्या गाडीत रिकाम्या पोत्यांवर बसवून पाठवला. जाताना कुणीतरी ओरडलं, "भंगार गेलं रे!"

मॅडमनी विचारलं, पेरली कुणी? मी गप्प राहिले. सगळेच गप्प राहिले.

ती अंगठी परत हवी होती का तुला? ढीग दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढ्यात लोटला.

ठमी

ठमीच्या वडिलांचं मावशीला
२७ जानेवारी

ताई,

तुम्हाला बातमी कळली असेलच.

अंगठी मी लगेच ओळखली. लग्नात सोनं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ठमीच्या आईसाठी पितळी पाइपाचा तुकडा कापून दुपारच्या सुट्टीत लेथवर केली होती. एका बाजूला हत्यार घसरून खाच पडली. तिच्या लोकरीचे धागे अडकायचे त्यात, करवादायची. तरी कधी काढली नाही. मी बोट फिरवलं तर खाच तिथंच होती.

ती तुमच्याकडे होती. ठमीच्या हातात तुम्ही दिलीत हे मला कळतं, त्याचा राग नाही. काय सांगून दिलीत ते कळत नाही. 'माझी आहे' म्हणालो तेव्हा ठमी सगळ्यांच्या आधी हसली. मग मी तिच्याकडे बघितलं तर तोंड फिरवलं. त्या फिरवण्याचा अर्थ मला लागत नाही, ताई. दिवसरात्र तेच डोळ्यांपुढं आहे.

एवढंच सांगा. तिला माहीत होतं का? अंगठी कुणाची, आणि मी कोण?

माहीत नसेल तर मी आहे तसा उठून तिच्याकडे जातो, सगळं सांगतो, मग तुमची परवानगी असो की नसो. मला हाकलून दिलं तरी चालेल, पण ऐकून हाकलू दे. आणि माहीत असेल, तर ते तिचं उत्तर आहे. माझ्या लायकीचंच आहे. मग या जन्मात तिच्या वाटेला जाणार नाही, हे गावही सोडीन.

एका शब्दाचं उत्तर पुरे. तुम्ही रागीट असाल, पण खोटं कधी बोलला नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारतो.

ठमीचं मावशीला
३१ जानेवारी

मावशी,

माझी निवड झाली. दोघांत पहिलं नाव माझं. मॅडम म्हणाल्या, "शिस्त कळलेली ही एकच मुलगी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू येणार होतीस का गं शेवटच्या दिवशी? काका जायच्या आधी एकदा म्हणाला होता, "शेवटच्या दिवशी तुझ्या घरून कुणी येणार आहे ना?" मी म्हटलं, छे, मावशी कुठली येते एवढ्या लांब. तर म्हणे, "येतील, येतील." कसा खुळ्यासारखा बोलायचा.

उद्या मी मॅडमना खरं सांगितलं तर निवड जाईल, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही. भेकड आहे मी, कुणावर गेले कोण जाणे. पण निदान त्याला तरी सांगायला हवं. तू पूर्वी ज्या गावच्या हॉस्पिटलात होतीस तिथंच राहतो तो, लेथच्या कारखान्यामागे. तुझ्या ओळखीची माणसं असतील तिथं. सोबतचं पत्र त्याला पोचव. एवढं कर माझ्यासाठी. पाकीट चिकटवलेलं नाही, तुझ्यापासून काय लपवायचं?

ठमी

*(सोबतचं पत्र)*

काका,

भंगार म्हणणार नाही आता.

अंगठी मी पुरली होती. आमच्या मावशीला कुठल्याशा भंगारात मिळालेली, तिनं गंमत म्हणून पाठवली. तुम्ही ओरडाल, आम्ही हसू, संपलं, असं वाटलं होतं. तुम्ही ती का उचललीत ते मला अजून कळलेलं नाही. पण मी पुरली हे तुम्हाला कळलं होतं. माझं नाव घेतलं असतंत तर त्या गाडीत पोत्यांवर मी बसले असते. भिंत पडली तेव्हाही घेतलं नाहीत, या वेळीही घेतलं नाहीत. का?

मला वडील नाहीत, मी लहान असताना गेले. पण ते असते तर असंच काहीतरी करत असते, असं त्या दिवसापासून वाटत राहतं. तुम्हाला हे वाचून हसू येईल.

मी तोंड फिरवलं ते लाजेनं. तिरस्कारानं नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. तुमची मुलगी आहे म्हणालात ना, माझ्याएवढी? तिला सांगू नका मी कशी वागले ते.

एकदा उत्तर लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल. तुम्ही बोलावलंत तर मी येऊन पाया धरीन.

तुमच्या खड्ड्यातली,
ठमी

मावशीचं ठमीला
४ फेब्रुवारी

माझी बाळ ती,

निवडीचं वाचून घरभर नाचले. शेजारणीला हाका मारून सांगितलं. आता आनंदाच्या वेळी रडगाणं नको.

तुझं पत्र पोचतं केलं. माझ्या वेळची एक आया अजून तिथं राहते, तिच्या हाती लगोलग पाठवलं. तिनं उभ्या उभ्या वाचून घेतलं त्याच्याकडून. वाचलं आणि म्हणाला, "कोण ही? असल्या पोरी रोज भेटतात." कागदाचा बोळा करून टाकला म्हणे. उत्तर मागितलं तर दार लावून घेतलं. तुझा जीव तुटत होता ना त्याच्यासाठी? ही त्याची किंमत. मी आधीच सांगितलं होतं, पण आमचं ऐकतंय कोण.

अंगठीचं मनावर घेऊ नकोस. भंगारच होती. ओढ्यात गेली तर गेली.

एक मात्र मला लागलं. 'मला वडील नाहीत' असं परक्या माणसाला कशाला लिहायचं? मी काय कमी केलं तुला? आई झाले, बाप झाले, रात्रीचा दिवस केला. तुला माझ्याशिवाय कुणी नाही आणि मला तुझ्याशिवाय. हे एवढं पक्कं ध्यानात धर, म्हणजे पुन्हा असं कुणाच्या मागं धावावंसं वाटणार नाही.

दुसरा स्वेटर विणून झाला. आलीस की घालून बघ.

तुझी मावशी

मावशीचं ठमीच्या वडिलांना
४ फेब्रुवारी

माहीत होतं.